चौथ्या बाजूचा आवाज

१

टेप फिरत होती आणि तिच्यातून नुसती खरखर येत होती.

शिकागोच्या उत्तरेकडच्या त्या छोट्या स्टुडिओत माझी मोठी बहीण पद्मिनी ठेवणीतली नारायणपेठ नेसून बसली होती. शेजारी तिचे यजमान, प्रसन्न भाऊजी. मागच्या खुर्चीत मी. समोरच्या स्क्रीनवर हेलसिंकीहून किर्सी नावाची रेकॉर्ड कंपनीची बाई आमच्याकडे बघत होती. यंत्रापाशी अमन, स्टुडिओचा इंजिनियर, कपाळाला आठ्या घालून एकेक बटण वरखाली करत होता.

"जरा पुढे घे," ताई म्हणाली. म्हणाली म्हणजे कुजबुजली. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तिच्या गळ्यात तेवढाच आवाज उरला आहे.

अमननं टेप पुढे घेतली. खरखर. आणखी पुढे घेतली. खरखरच.

"काकू, आय ॲम सो सॉरी," तो म्हणाला. "इट्स ब्लँक. पूर्ण."

"जुनी झाली म्हणून?" मी विचारलं.

"नो. जुनी टेप खराब होते, तुटते. अशी क्लीन होत नाही. फ्रायडेला मी सुरुवात प्ले करून बघितली होती, ड्रम्स क्लिअर होते. कुणीतरी इरेज केलीये. मॅग्नेट लावून."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. किर्सीनं काहीतरी सहानुभूतीचं बोलून स्क्रीन बंद केली. ताई रडली नाही. ती उठली, पदर सावरला आणि मला एका बाजूला घेऊन गेली.

"शोभा, तू जन्मभर बँकेतले लबाड पकडलेस ना? मला हा माणूस हवाय. पोलीस नकोत, माफी तर नकोच. त्यानं मरेपर्यंत विसरू नये असं काहीतरी मला त्याचं करायचंय."

"करू," मी म्हटलं.

मी शोभना. पूर्व किनाऱ्याकडच्या हर्नडनला एका बँकेच्या फसवणूक-तपास विभागातून निवृत्त झाले. ही टेप ऐकायला म्हणून ताईकडे येऊन राहिले होते. माझा स्वभाव तापट आहे असं नवऱ्यानं, मुलांनी आणि झाडून सगळ्या साहेबांनी मला सांगितलेलं आहे. असेना का. त्या दिवशी मी एवढी पेटले होते, की तो माणूस समोर असता तर मी त्याला तिथेच दोन ठेवून दिल्या असत्या.

गंमत अशी, की तो समोरच होता. पण ते कळायला वेळ लागला.

२

काय पुसलं गेलं ते आधी सांगते.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात रौतालिंतू नावाचा एक फिनिश बँड शिकागोत येऊन अडकला होता. ही प्रोग्रेसिव्ह रॉकवाली मंडळी. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खाणार, आणि सगळी गाणी मिळून एक गोष्ट सांगणार. त्यांची दोन तबकड्यांची रेकॉर्ड होती 'उपोन्नुत क्यूला', म्हणजे बुडालेलं गाव. पहिल्या बाजूला गाव नांदतं. दुसऱ्या बाजूला धरणाचे दरवाजे बंद होतात आणि पाणी चढतं. तिसरीला पाण्याखाली चर्चची घंटा वाजत राहते. चौथ्या, शेवटच्या बाजूला एक बाई काठावर उभी राहून गावाला हाका मारते.

त्या बाईचा आवाज काही त्यांना मिळत नव्हता. रेकॉर्डिंग एका चर्चच्या तळघरात चालायचं आणि वरच्या मजल्यावर माझी नुकतीच लग्न होऊन आलेली बहीण इंग्रजीच्या वर्गाला जायची. जिन्यात तिला कुणीतरी गुणगुणताना ऐकलं.

आमचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. मी इतकी लहान, की मला बैलगाडीत रचलेली भांडी तेवढी आठवतात. तिला सगळं आठवतं. त्या लोकांनी गोष्ट सांगितली, तिनं डोळे मिटले आणि गायली. शब्द नाहीत, नुसता आलाप आणि हाका.

कव्हरवर नाव छापलं गेलं आइनोचं, कीबोर्डवाल्याच्या बायकोचं. आइनो मरेपर्यंत तो आवाज आपलाच म्हणत राहिली आणि लोक खरं मानत राहिले. ताईनं कितीदा पत्रं पाठवली, कुणी दाद दिली नाही.

गेल्या वर्षी त्या बँडचा ड्रमर वारला. जाण्यापूर्वी तो मुलीला सांगून गेला, की माझ्याकडची मूळ टेप शिकागोच्या पद्मिनीला पाठव. त्या टेपवर प्रत्येक वाद्य सुटं होतं, ताईचा आवाज सुटा होता. गाण्याआधी ड्रमर तिचं नाव घेऊन 'तयार?' विचारतो आणि ती चक्क मराठीत 'थांबा, पाणी पिते' म्हणते, तेही त्यावर असल्याचं ताई सांगत होती. किर्सीची कंपनी ही रेकॉर्ड पुन्हा काढणार होती. टेपवर ऐकवा, नाव बदलते, असं तिनं कबूल केलं होतं. ऐकवता आलं नाही तर आइनोचंच नाव राहणार, आता कायमचं.

आता आदल्या शनिवारचं सांगते. टेप शुक्रवारी तपासली, पण ती पूर्ण वाजवणारं यंत्र सोमवारी मोकळं होणार होतं. तोवर डबा परक्या जागी ठेवायला ताई तयार नव्हती. शिकागोबाहेर शॉमबर्गला आपल्या घरी नेऊन तिनं तो उशाशी ठेवला. शनिवारी जेवायला माणसं यायची होती, तळणीची वाफ नको म्हणून ती तो तळघरात ठेवून आली. तेवढाच वेळ टेप तिच्या नजरेआड होती.

तळघरात एक जुनं यंत्र आहे. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांच्या व्हिडिओ कॅसेट पुसून पुन्हा वापरण्यासाठी भाऊजींनी घेतलेलं. प्लग लावा, बटण दाबा, टेप वर फिरवा, झालं साफ. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते कौतुकानं दाखवलेलं. सोमवारी स्टुडिओतून आल्यावर मी खाली गेले. शेजारच्या सामानावर बोटभर धूळ होती आणि त्या यंत्रावर अजिबात नव्हती.

मी ते चालू करून पाहिलं आणि दचकले. जमिनीतून ट्रक गेल्यासारखी घरघर झाली.

ती घरघर मी आधी ऐकली होती.

३

शनिवारी मी, ताई आणि ताईची मुलगी अनिका स्वयंपाकघरात पुऱ्या करत होतो. शेजारच्या संगीताच्या खोलीत भाऊजींनी तीच फिनिश रेकॉर्ड लावली होती, अगदी खिडक्या हलतील अशी. एक्झॉस्ट फॅन, कढई, त्यात तो दणदणाट. मध्येच पायाखालून घरघर आली. मी विचारलं, हे काय गं? ताई म्हणाली, "रेकॉर्डवरचंच काहीतरी असेल, मला तरी या पंख्यापुढे काही कळत नाहीये."

म्हणजे टेप पुसली गेली ती रेकॉर्ड वाजत असताना. त्या वेळी आम्ही तिघी एकमेकींसमोर. भाऊजी रेकॉर्डपाशी. रेकॉर्ड काही आपणहून उलटत नाही, दर थोड्या वेळानं उठून बाजू बदलावी लागते. बाकीची मंडळी अजून यायची होती, त्यामुळे उरला एकच पाहुणा. देवांग. तो फोनवर बोलायला मागच्या अंगणात गेला होता, आणि तळघराला अंगणातून दार आहे.

देवांगचं डेव्हन ॲव्हेन्यूवर दुकान आहे. पुढच्या भागात वडिलांचा किराणा, मागच्या भागात जुन्या रेकॉर्ड. टेप आल्याचं कळल्यापासून तो ती विकत मागत होता. ताईनं त्याला शनिवारी भर पंगतीत सुनावलं होतं, "तुम्ही लोक रेकॉर्ड ऐकत नाही, कोंडून ठेवता." जाताना दारात तो म्हणाला होता, "पस्तावाल मावशी." मला आणखी काय हवं होतं? मंगळवारी मी पार्किंगसाठी तीन गल्ल्या फिरले आणि दुकानात शिरले ती भांडायच्या तयारीनंच.

"तळघरात गेला होतास?" मी थेट विचारलं.

"गेलो होतो," तो म्हणाला. दादरला वाढलेला असल्यानं त्याचं मराठी खणखणीत आहे. "झूठ कशाला बोलू? जेवणाआधी, आल्या आल्या. डब्याला हात लावला, नमस्कार केला आणि वर आलो."

"आणि पुसून टाकलीस. तुला मिळेना तर कुणालाच नको."

तो चिडला नाही. त्यानं काउंटरवरची बडीशेपची वाटी माझ्याकडे सरकवली. "मावशी, डोकं शांत करा. मी धंदेवाला आहे यार. मी चोरी केली असती, तर समजू शकतो. पण कोरी टेप कोण घेणार? आणि पस्तावाल म्हटलं ते इन्शुरन्सबद्दल. एवढी किमती चीज घरात ठेवू नका, हेच सांगत होतो."

"रेकॉर्ड वाजत होती तेव्हा कुठे होतास?"

"अंगणात. भावाशी बोलत होतो, व्हिडिओ कॉल होता, विचारा त्याला. खिडकीतून काकांची रेकॉर्ड ऐकू येत होती. भावालाही ऐकवली. काय सलग वाजली हो! पाणी चढतंय चढतंय, घंटा, आणि मग पद्मिनी मावशींचा आवाज. अंगावर काटा आला."

त्याच्या भावाला मी तिथूनच फोन लावला. देवांगच्या मागे अंगणातलं मेपलचं झाड दिसत होतं आणि गाणं संपेपर्यंत तो तिथून हलला नव्हता, असं भाऊ शपथेवर सांगू लागला.

माझा सगळा राग वाया गेला. बाहेर येऊन गाडीत बसले तेव्हा एक गोष्ट मात्र लख्ख कळली. चोराला टेप हवी असते. हे करणाऱ्याला टेप नको होती. तिच्यावरचा आवाज नको होता. आणि असं माणूस परक्याच्या बाबतीत करत नाही.

४

बुधवारी भाऊजी मला मंडळाच्या हॉलवर घेऊन निघाले. कुणीतरी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी त्यांना बोलावलं होतं. भाऊजी म्हणजे मंडळाचे माजी अध्यक्ष, सत्तरी उलटून गेलेली, पण केस भांग पाडून चोपडलेले आणि हायवेवरही गाडी कमी वेगानं चालवणारे. त्यांच्या कौतुकाची एक गोष्ट मंडळात सगळ्यांना पाठ आहे. ताई पुण्याला गेली, की भाऊजी तिची रेकॉर्ड लावून बसतात. 'घर भरल्यासारखं वाटतं हो,' असं ते म्हणतात, आणि बायका आपापल्या नवऱ्यांकडे रोखून बघतात.

ताईला या एका गोष्टीचा केवढा आधार होता. आवाज गेला त्या वर्षी ती मला म्हणाली होती, जगानं नाही ऐकलं तरी घरातला माणूस ऐकतो ना, बास झालं.

"देवांगच," भाऊजी गाडी चालवता चालवता म्हणाले. "दुसरं कोण? मी तिला सांगितलं होतं, असल्या लोकांना घरात घेऊ नको."

"तुम्हाला काही ऐकू आलं नाही? खालून?"

"मी कुठला ऐकतोय! माझी समाधी लागलेली असते. पहिली तबकडी लावली, गाव नांदत होतं. संपली, उलटली, पाणी चढायला लागलं. मग दुसरी तबकडी, घंटा. ती उलटली आणि शेवटी आपल्या पद्मिनीचा आवाज. डोळ्यांत पाणी येतं दर वेळी." सिग्नलला थांबल्यावर त्यांनी खरंच चष्मा काढून डोळे पुसले.

मलाही भरून आलं. माझ्याकडे ताईनं कधीकाळी पाठवलेली कॅसेट होती, तीही केव्हाच खराब झालेली. तबकडी मी आयुष्यात हातात घेतली नव्हती.

"आणि ती घरघर?" मी विचारलं. "पाणी चढतं तेव्हा यंत्रांचा आवाज आहे का रेकॉर्डवर?"

भाऊजींनी उगीचच आरशात पाहिलं. "आहे ना. त्या लोकांनी टर्बाइनचा आवाज घातलाय."

म्हणजे मी ऐकली ती घरघर रेकॉर्डवरचीच होती? मग टेप पुसली गेली कधी? माझा सगळा हिशेब कोलमडला आणि उरली एकच व्यक्ती, जिच्याकडे मला बोट दाखवायचं नव्हतं.

५

अनिका वकील आहे. शिकागोत जन्मलेली, बोलताना समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. गुरुवारी दुपारी तिच्या ऑफिसच्या खालच्या कॅफेत मी तिला गाठलं.

"मावशी, आय नो व्हाय यू आर हिअर," ती म्हणाली. "हो, मला ती टेप आवडत नव्हती. आई दिवसभर तेच. हेलसिंकी, किर्सी, आइनो. आणि बाबा एकटे टीव्हीसमोर. ही वॉज हर्ट, ओके? पण मी पुसली नाही. आय वुड नेव्हर."

"शनिवारी तू खाली गेली होतीस. फोल्डिंग खुर्च्या आणायला."

"म्युझिक सुरू व्हायच्या आधी. बॉक्स तिथेच होता." तिनं कॉफीचा कप बाजूला ठेवला. तिचे डोळे भरले. "मावशी, तो आईचा आवाज आहे. मी त्याच्यावर मोठी झालेय. बाबा ऑफिसला गेले, की आई रेकॉर्ड लावायची. मी फोर-फाइव्हची असेन. माझा जॉब होता तबकड्या बदलायचा. अँड इट वॉज सो कन्फ्यूजिंग!"

"का? एक संपली की उलटायची."

"नो नो नो. तीच तर गंमत. आपली कॉपी अमेरिकेत छापलेली आहे ना. पूर्वी रेकॉर्ड-चेंजर असायचे, दोन तबकड्या एकीवर एक अडकवायच्या, एक संपली की वरची आपोआप पडायची, मग दोन्ही एकदम उलटायच्या. म्हणून बाजू तशा छापल्यात. पहिल्या तबकडीवर साइड वन आणि मागे साइड फोर. दुसरीवर टू आणि थ्री. आमच्याकडे चेंजर नव्हता, सो वन झाली की ती काढून दुसरी ठेवायची, टू, मग ती उलटायची, थ्री, मग परत पहिली आणायची. मी एकदा चुकून पहिलीच उलटली तर गाव बुडायच्या आधीच आई रडायला लागली. म्हणजे गाण्यातली. आम्ही किती हसलो होतो!"

ती हसली. माझ्या हातातला चमचा बशीत पडला.

"काय झालं, मावशी?"

"शनिवारी आईकडे ये," मी म्हटलं. "आणि बाबांना काही बोलू नकोस."

६

मी भाऊजींना खरं वाटेल असं कारण दिलं. देवांग नेमका कधी खाली गेला ते काढायचंय, त्यासाठी रेकॉर्डवरची घरघर कुठे येते ते ऐकायला हवं. देवांगचं नाव ऐकताच ते खुशीनं तयार झाले. शनिवारी दुपारी देवांगलाही बोलावलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. ताई आणि अनिका सोफ्यावर बसल्या.

"लावा भाऊजी," मी म्हटलं. "नेहमी लावता तशी."

त्यांनी ऐटीत कव्हर उघडलं, तबकडी काढली, चष्मा वर करून लेबलवर एकचा आकडा शोधला आणि सुई ठेवली. गाव नांदू लागलं. बासरी, लाकडी चिपळ्या, लांबलचक ऑर्गन. भाऊजी डोळे मिटून मान डोलावत होते. बाजू संपली. देवांग सवयीनं दुसरी तबकडी द्यायला पुढे झाला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

भाऊजींनी पहिलीच उलटली. लेबलकडे पाहिलंदेखील नाही.

"आता पाणी," ते म्हणाले. "आता येईल बघा तुमची घरघर."

सुई टेकली. शांतता. लाटेचा हलका आवाज. आणि त्यातून ताईचा, तेवीस वर्षांच्या पद्मिनीचा, मोकळा, धारदार आवाज उठला आणि खोलीभर झाला.

भाऊजींनी डोळे उघडले. "एवढ्यात कशी आली ही?"

ती गात राहिली. मी सोफ्याकडे पाहिलं नाही, माझी हिंमत नव्हती.

"ही चौथी बाजू आहे, भाऊजी," मी म्हटलं. "पहिलीच्या पाठीवर चौथीच आहे, ही रेकॉर्ड या घरात आली त्या दिवसापासून. जी व्यक्ती एकदा, फक्त एकदाच ही रेकॉर्ड लावेल, तिला ते कळेल. अनिकाला चौथ्या-पाचव्या वर्षी कळलं होतं. तुम्ही मला गाडीत सांगितलंत, की पहिली उलटली आणि पाणी चढायला लागलं. मागच्या शनिवारी तुम्ही रेकॉर्ड लावलीच नव्हती. इंटरनेटवर कुणीतरी चढवलेलं गाणं फोनवरून ॲम्प्लिफायरला जोडून दिलंत. ते उलटावं लागत नाही, थांबत नाही. देवांग म्हणालाच होता, काय सलग वाजली. तेवढ्यात तुम्ही खाली जाऊन आलात."

"घरघर—"

"दुसरी बाजू लाव रे, देवांग."

देवांगनं लावली. पाणी चढलं, ढोल वाजले, ऑर्गन कण्हला. टर्बाइन कुठेच नव्हतं. सुई शेवटच्या रेषेत जाऊन टकटक करू लागली, तेव्हा अनिकानं ती उचलली.

"बाबा? से समथिंग."

भाऊजींनी नजर गालिच्याकडे वळवली. मग बोलले ते अनिकाशी नाही, ताईशीही नाही. माझ्याशी बोलले, जणू मीच न्यायाधीश.

"त्या हिवाळ्यात ती घरी यायची ना, तेव्हा तिचा चेहरा वेगळा असायचा. माझ्यासाठी तसा कधी झाला नाही. मी सहन केलं. तिला आपल्याबरोबर हेलसिंकीला न्यायला निघाले होते ते लोक! मी नाही म्हटलं, तिनं ऐकलं. वाटलं, संपलं. आणि पन्नास वर्षांनी तो ड्रमर मरताना माझ्या बायकोचं नाव घेतो? माझ्या घरी टेप पाठवतो? मी तिला माझं नाव दिलं होतं. ते पुरलं नाही तिला. म्हणून पुसली. मला वाईट वाटत नाही."

मी खुर्चीतून उठले होते. काय करायला, देव जाणे. ताईनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"आणि मी पुण्याला जायची तेव्हा?" तिनं कुजबुजत विचारलं. "मंडळात सांगता ते?"

भाऊजी ॲम्प्लिफायरचं बटण फिरवू लागले.

"एकदाही नाही?"

"काय लावणार होतो मी?" ते एकदम ओरडले. "त्याच्यासाठी गायलेलं गाणं?"

"मी गावासाठी गायले होते," ताई म्हणाली.

आणि तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, मोडली. मी तिला ओळखत नव्हते तर.

७

"अनिका, किर्सीला कॉल लाव," ती म्हणाली. हेलसिंकीत रात्र झाली होती, तरी किर्सी लगेच स्क्रीनवर आली.

"सांगा तिला," ताईनं भाऊजींना सांगितलं. "काय केलंत आणि का केलंत."

भाऊजींनी टाळाटाळ केली. अनिका वकिली आवाजात म्हणाली, "बाबा, नाऊ." मग त्यांनी इंग्रजीत सांगितलं. टेप मी पुसली. तिच्यावर माझ्या बायकोचा आवाज होता, म्हणून पुसली. तो ड्रमर तिचं नाव घेत होता, म्हणून पुसली.

किर्सीनं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, आवाज आइनोचा असता तर हा माणूस एवढा जळला नसता. मला पुरावा पटला. आइनोचं नाव निघेल, पद्मिनीचं येईल.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. देवांगनं टाळीच वाजवली. भाऊजींनी सुस्कारा सोडला आणि चष्मा पुसत म्हणाले, "चला. मिळालं ना हवं ते? आता घरातली गोष्ट घरात ठेवा म्हणजे झालं."

"थांबा," ताई म्हणाली. ती स्क्रीनच्या जवळ सरकली आणि मोडक्या आवाजात, मोडक्या इंग्रजीत तिनं सांगितलं, की आतल्या पुस्तिकेत आणखी एक ओळ घालायची आहे. मूळ टेप आज का ऐकता येत नाही, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं.

"पद्मिनी!" भाऊजी उभे राहिले. "अगं, मंडळातले लोक ती रेकॉर्ड घेणार. माझे भाऊ, पुतणे. जगभर जाणार ती. लोक काय म्हणतील? मी पाया पडतो तुझ्या."

किर्सीनं कचरत विचारलं, खरंच नाव छापायचं? हे फार कठोर होईल. एकदा छापलं, की ते परत घेता येत नाही.

आमच्या घरात बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. ताईनं लग्नातला एक उखाणा सोडला तर कधी घेतलं नव्हतं. अहो, हे, अनिकाचे बाबा, एवढ्यावर तिनं संसार केला. त्या दिवशी तिनं भाऊजींकडे पाहिलं आणि नाव घेतलं. आधी पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. किर्सीला लिहिता यावं म्हणून मग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. घसा दुखेपर्यंत सांगितलं.

अनिकानं आईला थांबवलं नाही. मीही नाही. मला कुणी विचारलं, की तुला तेव्हा काय वाटलं, तर सांगते. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मार्चमध्ये रेकॉर्ड आली. मी मुद्दाम हर्नडनहून गेले होते. देवांगनं पहिली प्रत स्वतः आणून दिली, दुकानात दोन खोकी आधीच संपल्याचं सांगितलं आणि चहा न घेताच निघून गेला. भाऊजी हल्ली मंडळात जात नाहीत. वरच्या खोलीत असतात, जेवायला खाली येतात. ते जेवायला आले, तेव्हा ताईनं पुस्तिका उघडून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. चौथ्या बाजूखाली तिचं नाव होतं. त्याखाली ती ओळ, भाऊजींच्या पूर्ण नावासकट.

"वाच," ती म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली आणि नजर फिरवली. "वाचलं."

"मोठ्यानं वाच. माझा आवाज गेलाय, प्रसन्न."

आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं.